एक नग, तपासणी बाकी

शहानिशाकाकांच्या घरात नोंद झाल्याशिवाय काही येत नसे, आणि त्या मंगळवारी सकाळी न्हाणीघराच्या भिंतीवर जे बसलं होतं, त्याची नोंद कुठेही नव्हती.

काका दाढी करत होते. एका गालाला फेस, दुसरा गाल मोकळा. आरशात बघता बघता त्यांना स्वतःच्या कानामागे काहीतरी दिसलं. वळून पाहतात तो भिंतीवर डास. डास कसला, डासांचा आजोबा! पाय पसरून बसलेला, तळहातावर मावणार नाही एवढा. लांब निमुळतं अंग, दोन अरुंद पंख, आणि अंगाच्या शेवटी सुईसारखं काहीतरी अणकुचीदार.

"अगं, इकडे ये आधी!" काका ओरडले. "आणि येताना हातपाय झाकून ये."

काकू आल्या. पदराला हात पुसत त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या फेसाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "किडा आहे. खिडकीतून आला असेल. जाईल आपला आपण."

"आला कसा, हा मुद्दा आहे. खिडकीला जाळी आहे. दाराला पट्टी आहे. मग हा आला कुठून? कोणी पाठवला?"

आता किड्याला कोण कशाला पाठवेल, असा प्रश्न तुम्हाआम्हाला पडेल. काकांना पडला नाही. तेहतीस वर्षं एका मोठ्या सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात हेडक्लार्क म्हणून बसलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. जगात काहीही आपोआप येत नाही. प्रत्येक गोष्टीमागे पाठवणारा असतो, आणि पाठवणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं. निवृत्त झाल्यावर काकांनी कचेरी सोडली, पण रजिस्टर सोडलं नाही. घरी एक जाडजूड वही आणून तिच्यात रकाने आखले. आवक क्रमांक, तारीख, वस्तू, नग, कोणाकडून, शेरा, आणि शेवटी जावक. दूध, भाजी आणि वर्तमानपत्र तेवढं काकूंनी भांडून वगळून घेतलं होतं. बाकी शेजारणीने परत केलेली वाटीसुद्धा लाल शाईची चिठ्ठी चिकटल्याशिवाय फडताळात जात नसे. "आधी शहानिशा झाली पाहिजे" हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणत. इमारतीतल्या पोरांनी त्यावरून नाव पाडलं, मोठ्यांनी उचललं, आणि आता त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवत नसे.

काकांनी कॉफीची रिकामी बरणी भिंतीला टेकवली, खालून पोस्टकार्ड सरकवलं आणि शत्रू जेरबंद केला. मग फेस तसाच ठेवून चिठ्ठी लिहिली. 'आवक क्र. ४१२. एक नग. कोणाकडून : अज्ञात. शेरा : संशयास्पद.' झाकणाला काकूंनी टाचणीने चार भोकं पाडली आणि ओल्या कापसाचा एक बोळा आत टाकला.

"आरोपीला पाणी कशाला?"

"आरोपी असला तरी जीव आहे तो," काकू म्हणाल्या. "आणि एवढी शंका येत असेल तर जावईबापूंना विचारा. एका फोनचं काम. किड्यांचंच तर शिकलेत ते."

झालं! काकांचा मोकळा गाल फेसाच्या गालासारखा पांढरा पडला. जावयाचा विषय त्या घरात मोठ्याने काढायचा नसतो, हे काकूंना ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्या तो अधूनमधून मोठ्याने काढत.

प्रकरण दोन वर्षांपूर्वीचं. लेकीने स्वतः पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा काकांनी त्याच्या हेल्मेटला चिठ्ठी चिकटवली होती. तेही एक वेळ चाललं असतं. पण नंतर ते त्याच्या कचेरीत गेले आणि असा कोणी इसम इथे खरोखर नोकरीला आहे का, याची सगळ्यांदेखत चौकशी केली. आणि लग्नाच्या जेवणात पाहुण्यांनी विचारलं, "जावई काय करतात?" तर काका खणखणीत आवाजात म्हणाले, "सरकारी पगार घेऊन माशा मारतात!" पाहुणे खो खो हसले. जावईही हसला, पण त्यानंतर त्याने सासऱ्याच्या घरात पाऊल टाकलं नाही. लेकीला आणायचा, फाटकाशी सोडायचा, तिथूनच परत जायचा. काकाही तिकडे जात नसत. न बोलावता जायचं कसं? नातीला त्यांनी एकदाच पाहिलं होतं, इस्पितळात, पाच मिनिटं, तेही काचेतून. बाकी काकू दर आठवड्याला तिकडे जाऊन यायच्या आणि फोटो दाखवायच्या. काका फोटो चष्मा लावून बघायचे, मग चष्मा काढून बघायचे, आणि म्हणायचे, "नाक आपल्याकडचं आहे."

ती नात येत्या रविवारी येणार होती. पाच महिन्यांची. लेकीसोबत, पंधरा दिवसांसाठी. काकांनी पाळणा स्वतःच्या हाताने पुसला होता. बाळाची नजर ठरायला लागली आहे, असं काकूंनी सांगितल्यावर तीन मोठ्या कुंड्या आणून बाल्कनीत फुलझाडं लावली होती, आणि एकही रोप सुकू नये म्हणून त्यांना दिवसातून तीनदा पाणी घालत होते. अशा घरात, रविवारच्या पाच दिवस आधी, नांगीवाला डास! तो कुठला, चावतो का, त्याच्या चावण्याने काय होतं, हे रविवारच्या आत कळायलाच हवं होतं. आणि जावयाला विचारायचं नव्हतं.

म्हणून ते बरणी घेऊन तळमजल्यावरच्या कंपाउंडरकडे गेले.

हा कंपाउंडर वीस वर्षं एका डॉक्टरच्या हाताखाली बाटल्या भरत आला होता. त्यामुळे डॉक्टरला जे ठाऊक नाही, तेही त्याला ठाऊक होतं. त्याने बरणी उजेडाकडे धरली, डावीकडे कलती केली, उजवीकडे कलती केली, आणि आतला जीव हलतो का बघायला खळाखळा हलवली.

"काका, हे साधं काम नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "हिशेब सरळ आहे. छोटा डास एक थेंब रक्त पितो. हा त्याच्या वीसपट. म्हणजे चमचाभर आला. आणि मोठ्या माणसाचं चमचाभर रक्त म्हणजे..." इथे तो थांबला. "घरात तान्हं मूल वगैरे येणार नाही ना?"

काका मटकन खुर्चीत बसले. बरणीत पाहिलं, तर एक पाय तळाशी वेगळा पडलेला. कंपाउंडर म्हणाला, तो आधीपासून तुटलेला होता. काकांना तेही खरं वाटलं नाही.

आता उगम शोधणं आलं. काकांचा संशय सरळ वर गेला, म्हणजे वरच्या मजल्यावर. तिथे राहणाऱ्या शिक्षिकाबाईंच्या गॅलरीत अकरा कुंड्या होत्या. काकांनी दार वाजवलं आणि प्रस्तावना न करता विचारलं, "तुमच्या कुंड्यांत पाणी साचतं का?"

"तुमच्या डोक्यात साचतं तेवढं नाही," बाई म्हणाल्या. सदतीस वर्षं पोरं हाताळलेली बाई ती, उत्तराला वेळ कसला लागतोय! तरी त्यांनी काकांना गॅलरीत नेलं, एकेक कुंडी बोटाने टोकरून दाखवली. माती कोरडी खडखडीत. "मी आठवड्यातून दोनदा पाणी घालते. आणि खालून कोण दिवसातून तीनदा घालतं, तेही मला वरून दिसतं."

काका खाली आले, पण मनात म्हणाले, एवढी कोरडी कशी? आपण येणार हे हिला आधीच कळलं होतं. नक्कीच कंपाउंडर फुटला.

बुधवारी सकाळी नऊ वाजता काका शहर आरोग्य कार्यालयाच्या खिडकीसमोर उभे होते. बरणी पिशवीत, पिशवी छातीशी.

खिडकीतल्या कारकुनाने वर न बघता विचारलं, "जिवंत की मृत?"

"जिवंत आहे. ओळख पटवून हवी आहे."

"मृत असता तर स्वच्छता विभाग. जिवंत म्हणजे प्राणी. दोन नंबर खिडकी."

दोन नंबरच्या खिडकीने सांगितलं की त्यांच्याकडे कुत्र्यापासून वरचे प्राणी येतात. कुत्र्याच्या खालचे तीन नंबरला. तीन नंबरच्या खिडकीत कोणी नव्हतं. पण खुर्चीवर कोट टांगलेला होता, आणि काकांना त्या कोटाचा अर्थ माणसापेक्षा जास्त कळत होता. साहेब कुठे गेले, हे विचारायचं नसतं. आपणही तेहतीस वर्षं असा कोट टांगला होता. पाऊण तासाने कोटाचा मालक आला आणि त्याने सतरा रकान्यांचा एक अर्ज पुढे केला.

काका अर्ज भरू लागले. 'अर्जदाराचा नमुन्याशी संबंध.' काकांनी लिहिलं, 'न्हाणीघरात भेट.' 'नमुन्याचा उद्देश, माहीत असल्यास.' काकांनी लिहिलं, 'माहीत नाही, परंतु शंका आहे.' 'नमुन्याचे अवयव, संख्येसह.' काकांनी पिशवीतून बरणी काढून मोजले आणि लिहिलं, पाय पाच.

तीन नंबरने अर्ज वाचला. "काका, पाच पायांचं आमच्याकडे काही नाही. सहा असतील तर कीटक, आठ असतील तर कोळी. पाच म्हणजे अपूर्ण नमुना."

"अहो, एक पाय गळाला. हा बघा, तळाशी आहे."

"मग तो जोडून आणा."

"पाय जोडून आणू? काय शिंपी वाटलो का मी तुम्हाला?"

"नियम आहे काका. 'कोणताही नमुना अपूर्ण असल्यास स्वीकारू नये.' हे बघा, खाली बारीक अक्षरात."

काकांनी बारीक अक्षर वाचलं. पुन्हा वाचलं. त्या वाक्याची ठेवण ओळखीची वाटली. मग अर्जाच्या कोपऱ्यातला नमुना क्रमांक पाहिला आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एकवीस वर्षांपूर्वी हा अर्ज काकांनीच तयार केला होता. सगळ्या कचेऱ्यांनी त्याची नक्कल उचलली होती, आणि साहेबांनी तेव्हा पाठ थोपटली होती. बारीक अक्षराची सूचना तर खास त्यांची. कोणी काही अर्धवट आणून आपल्याला फसवू नये म्हणून.

"हा नियम कोणी शहाण्याने केला असेल," काका क्षीणपणे म्हणाले.

"शहाण्याने? अहो, त्याला भेटायची फार इच्छा आहे आम्हाला," तीन नंबर म्हणाला. मग त्याला दया आली असावी. त्याने खात्री करायला झाकण किंचित उघडलं, आतलं प्रकरण फडफडलं, त्याने दचकून झाकण दाबलं, आणि आणखी एक पाय झाकणात सापडून गळाला. "आता चार झाले. चार पाय म्हणजे परत दोन नंबर खिडकी."

काका बरणी पिशवीत घालून घरी आले. जेवलेही नाहीत. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "माणूस स्वतःच्याच खड्ड्यात पडला की ओरडायचं कोणाच्या नावाने?"

इकडे कंपाउंडरने आपलं कर्तव्य चोख बजावलं होतं. गुरुवारी सकाळी जिन्यात कागद लागला. 'इमारतीत राक्षसी डास आढळला आहे. रहिवाशांनी चमचाभर रक्त जपावे.' तासाभरात फवारणीवाला बोलावला गेला. सगळ्यांच्या गाद्या खाली, पोरं खाली, भांडी खाली. अंगणात बाजार भरल्यासारखं झालं. फवारणीवाला पाठीवर टाकी बांधून आला आणि म्हणाला, आधी डास दाखवा. काकांनी बरणी दाखवली. तो म्हणाला, माझं औषध डासांचं आहे, हा डास आहे असं लेखी दिलं तर मारतो. लेखी कोण देणार? सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "शहानिशा झाल्याशिवाय मी सही करत नाही." मग जो गलका उडाला, त्या गलक्यात कोणाच्या तरी गादीचा धक्का लागून बरणी पायरीवर घरंगळली. फुटली नाही, पण पाय तीन उरले.

फवारणीवाल्याने शेवटी, आलोच आहे तर तसंच कशाला परत जायचं, म्हणून काकांच्या एकट्याच्या घरात फवारलं आणि तो गेला. काका-काकू डोळे चोळत जिन्यात बसले. तिथेच लेकीचा फोन आला. वरच्या बाईंनी तिला कळवलं होतं. त्या तिच्या शाळेतल्या बाई होत्या, कळवणारच.

"बाबा, काय चाललंय घरात? राक्षसी डास, फवारणी... आणि मी रविवारी पाच महिन्यांचं बाळ घेऊन यायचं?"

"अगं, वास दोन दिवसांत जातो. आणि किडा बरणीत आहे."

"तो कुठला आहे ते तरी कळलं का?"

"शहानिशा चालू आहे."

मग लेक म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून काकांना जास्त लागलं, "बाबा, सगळं गाव फिरलात. कंपाउंडरला विचारलंत, फवारणीवाल्याला विचारलंत. यांना एक फोन नाही करता आला? जाऊ दे. लेखी कळेपर्यंत मी येत नाही. आणि खरं सांगू का, मला वाटतं मी नाहीच येत आता."

फोन बंद झाला. काका फोनकडे बघत बसले. काकू उठल्या, नाकाला पदर लावून आत गेल्या आणि पाळण्यावर टाकलेली चादर काढून झटकत राहिल्या. एवढी स्वच्छ चादर, तिला झटकण्यासारखं काही नव्हतं.

शुक्रवारी काका कीटक ओळख कक्षात गेले. शहरात असा कक्ष एकच, आणि त्यात ओळखणारा माणूसही एकच. हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तिथेच तर दोन वर्षांपूर्वी ते चौकशीला आले होते. तरी शेवटपर्यंत त्यांनी एक डाव राखून ठेवला होता. अर्ज काकूंच्या माहेरच्या नावाने केला, अक्षर डाव्या हाताने काढलं, आणि बरणी खिडकीत देऊन कोपऱ्यातल्या बाकावर वर्तमानपत्र उभं धरून बसले. मनात म्हणाले, कागद मिळाला की सटकायचं. त्याला कळायचंही नाही.

पण बरणीवर लाल शाईची चिठ्ठी होती. ती काढायची राहून गेली होती.

दार उघडलं. जावई बाहेर आला. हातात बरणी. त्याने चिठ्ठी वाचली, बाकाकडे पाहिलं, वर्तमानपत्राकडे पाहिलं. ते उलटं धरलेलं होतं.

"चारशे बाराचे अर्जदार आत या," तो म्हणाला.

काका आत गेले. आता हा काय बोलणार, याची त्यांनी तयारी केली होती. 'माशा मारणाऱ्याकडे कसे काय आलात?' असं म्हणेल. किंवा हसेल. किंवा तीन नंबरसारखं पाय मोजायला लावेल. जावयाने खुर्ची पुढे केली, पाण्याचा पेला ठेवला आणि भिंग काकांच्या हातात दिलं. एवढा साधेपणा! काकांना दाट संशय आला.

"हिच्या पाठीवर बघा. इंग्रजी व्हीसारखी खूण दिसते? ती दिसली की डास नाही समजायचं. ही माशीच्या जातीची. पुस्तकात क्रेन फ्लाय म्हणतात, तुम्ही लांबटांगी म्हणा. पंखांखाली गोळ्यासारखे दोन दांडे आहेत, ते तोल सांभाळायला."

"पण नांगी?"

"नांगी नाही ती. मादी आहे. ते टोक ओल्या मातीत रोवून अंडी घालते. ती चावत नाही, रक्त पीत नाही. चावायला तसं तोंडच नाही तिला. थोडेच दिवस जगते. तुम्ही ओला कापूस ठेवलात म्हणून टिकली."

"ते हिनं... आमच्या घरच्यांनी ठेवलं," काका म्हणाले. "आणि पाय?"

"पाय सोडून द्यायची सवयच असते यांना. कोणी धरलं की धरलेला पाय तिथेच ठेवायचा आणि आपण निघून जायचं. जीव वाचतो." जावई बरणीत बघत होता. "लोकांना वाटतं बिचारीला काही झालंच नाही. होत असेलच की काहीतरी."

काकांनी भिंग टेबलावर ठेवलं.

"घरात कुठे सतत ओली माती आहे का?" जावयाने विचारलं. "ही तीच शोधत आली असणार. दिवस भरत आलेत हिचे, जागा हवी होती. बाकी काही उद्देश नाही."

ओली माती! दिवसातून तीनदा, तीन कुंड्या. म्हणजे वरच्या बाईंचं खरं होतं, आणि कोणी काही पाठवलं नव्हतं. आपणच नातीसाठी माती ओली ठेवली, आणि ही बिचारी त्या ओलाव्याला आली. काकांनी पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला.

"कागद मिळेल का लेखी?" त्यांनी विचारलं.

जावयाने कागद टंकला, शिक्का मारला, लिफाफ्यात घातला. लिफाफा काकांनी घरी येईपर्यंत उघडला नाही. धीर होत नव्हता. बाल्कनीत उभं राहून उघडला आणि मोठ्याने वाचला, काकूंना ऐकू जावं म्हणून.

"'विषय : आवक क्र. ४१२. उपरोक्त नमुन्याची तपासणी केली असता असे आढळून आले की, सदर नमुना केवळ दिसण्यावरून धोकादायक वाटतो. प्रत्यक्षात तो कोणासही चावत नाही. घरात येण्यामागे त्याचा वाईट हेतू नसतो. त्यास घरातून घालवण्याची आवश्यकता नाही. तान्ह्या बालकांस त्याच्यापासून कोणताही अपाय नाही. सबब, संशय काढून टाकण्यास हरकत नसावी.'"

काकांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"हे किड्याबद्दल लिहिलंय ना?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच करा शहानिशा," काकू म्हणाल्या.

काकांनी फोन घेतला. लेकीला नाही केला. दुसरा नंबर लावला. वहीत होता, दोन वर्षांपूर्वी पडताळून घेतलेला. पलीकडून 'हॅलो' आल्यावर मनाशी जुळवून ठेवलेली तीन वाक्यं त्यांना एकदम आठवेनात.

"कागद मिळाला," ते म्हणाले. "छान आहे. भाषा शुद्ध आहे." मग खाकरले. "रविवारी फाटकापासून परत जायचं नाही. मी खाली येऊन उभा राहणार आहे. आणि जेवणात मी जे बोललो होतो, ते चुकलं माझं. तेव्हाच कळलं होतं. कबूल करायला दोन वर्षं लागली."

शनिवारी वरच्या बाईंकडे जाऊन माफी मागून झाली. ("सातवीतली पोरं लवकर मागतात," बाई म्हणाल्या, पण चहा दिला.) जिन्यातला कागद काढून झाला. संध्याकाळी बाल्कनीत झाकण उघडलं. तीन पायांची ती माशी काठावर जरा रेंगाळली, लटपटत उडाली, आणि सरळ मधल्या कुंडीत उतरली. काकांनी वहीत ४१२ पुढच्या जावकच्या रकान्यात तारीख घातली, आणि त्या दिवसापासून पाणी एकदाच घालायचं ठरवलं.

रविवारी दहाला रिक्षा आली. काका साडेनऊपासून फाटकाशी होते. लेक उतरली, बाळ उतरलं, आणि पलीकडच्या बाजूने जावईही उतरला. काकांनी नातीला घेतलं. तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं, भुवया आखडून, अगदी खिडकीवरच्या कारकुनासारखं.

"बघताय काय बाबा," लेक म्हणाली, "तुमचीच नात. शहानिशा चाललीय."

जेवणं झाल्यावर जावयाने स्वतःच वही मागितली. काका नको नको म्हणत असताना त्याने मागची पानं चाळली आणि नेमकं ते पान काढलं. 'आवक क्र. २८७. जावई. एक नग. कोणाकडून : लेकीने आणले. शेरा : तपासणी बाकी.'

काकांनी चष्मा पुसला, लाल शाईचं पेन मागितलं, 'बाकी' हा शब्द खोडला आणि 'पूर्ण' लिहिलं. खाली झोकात सही ठोकली.

"एक रकाना राहिला बाबा," जावई म्हणाला. पहिल्यांदाच 'बाबा' म्हणाला. "जावक. तो रिकामा असला की नोंद अपुरी राहते. आणि अपूर्ण नमुना तर स्वीकारत नाहीत म्हणे."

काकांनी मान वर केली. खिडकीवर काय झालं, हे याला कळलेलं दिसतंय. नक्कीच तीन नंबर फुटला.

मग त्यांनी पट्टी घेतली, आणि जावकच्या रकान्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारली. तेहतीस वर्षं ते अशी रेघ मारत आले होते. तिचा अर्थ कचेरीत सगळ्यांना ठाऊक असतो. हा नग परत पाठवायचा नाही.